जुनी लाकडी कॅनू शिकार-मासेमारीसाठी पुन्हा पाण्यात उतरवताना

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, विशेषतः मेन, न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटमध्ये, जुन्या घरांच्या कोठारात छताच्या वाशांना टांगलेली एक लांबट होडी बऱ्याचदा दिसते. बाहेरच्या कापडावर रंगाचे पोपडे, आत सीडर लाकडाच्या पातळ बरगड्या, एका टोकाला उंदरांनी केलेलं घरटं. मालकाला ती नको असते, पण आजोबांची म्हणून फेकवतही नाही. अशी कॅनू काही शे डॉलरमध्ये मिळते, आणि कधी कधी ‘घेऊन जा, जागा मोकळी होईल’ एवढ्यावरही. इकडे राहणाऱ्या, ट्राउट-बास माशांच्या मागे लागलेल्या किंवा ऑक्टोबरमधल्या बदकांची वाट पाहणाऱ्या मराठी माणसाने ती घेतली, तर पुढे काय करायचं ते इथे सांगतो.

शिकार म्हटल्यावर गावाकडची मंडळी दचकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. इथे ती परवाना, हंगाम आणि रोजची मर्यादा पाळून करता येते. त्या नियमांकडे पुढे येऊच.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. प्रदर्शनात मांडायची कॅनू वेगळी आणि लव्हाळ्यांतून, दगडांवरून ओढायची कॅनू वेगळी. आपल्याला दुसरी हवी आहे. तिच्यात पाणी येऊ नये, तिचा आकार टिकावा आणि ती आवाज करू नये. ज्या कामाने या तिन्हींपैकी काहीच साधत नाही, ते सोडून द्यायला शिका. नाहीतर होडी वर्षानुवर्षं गराजमध्येच पडून राहील.

कोणती कॅनू हाती आली आहे ते ओळखा

या होड्यांचं मूळ बर्चच्या सालीच्या कॅनूत आहे. पेनॉबस्कॉट आणि त्यांच्या शेजारच्या जमाती ती पिढ्यान् पिढ्या बांधत आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेनमधल्या कारागिरांनी सालीच्या जागी कॅनव्हास वापरायला सुरुवात केली आणि लाकडी साच्यावर एकासारख्या एक होड्या निघू लागल्या. साच्यावर प्रत्येक बरगडीखाली लोखंडी पट्टी असायची. फळीवरून ठोकलेला पितळी खिळा त्या पट्टीवर आपटून आपोआप उलटा वळायचा. दुरुस्तीत हीच क्रिया तुम्हाला हाताने करायची आहे.

पेनॉबस्कॉट नदीकाठच्या ओल्ड टाऊन गावातल्या कंपनीच्या कॅनूवर दोन्ही टोकांना आतल्या बाजूला, तळाशी, टोकाला आकार देणाऱ्या वाकवलेल्या कमानीच्या लाकडात एक आकडा कोरलेला असतो आणि त्याच्या पुढे लांबी. वार्निशच्या थराखाली तो दबलेला असतो, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून, बॅटरीचा उजेड तिरका टाकून पाहा. कंपनीच्या जुन्या नोंदी मोठ्या प्रमाणावर जपल्या गेल्या आहेत. आकड्यावरून मॉडेल, लाकूड, मूळ रंग आणि कारखान्यातून निघाल्याची तारीख समजू शकते. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टनची चेस्टनट कंपनी १९७० च्या दशकाच्या शेवटी बंद पडली, तरी तिची ‘प्रॉस्पेक्टर’ अजूनही हिंडताना दिसते. खोल, रुंद आणि ओझ्यासाठीच बांधलेली. अशी मिळाली तर किमतीवरून फार घासाघीस करू नका.

शिकार-मासेमारीला १६ ते १७ फूट लांबीची, मध्यावर ३५ इंचांच्या आसपास रुंद आणि सपाटसर तळाची कॅनू सोयीची पडते. अरुंद, गोल तळाची होडी वेगाने जाते, पण तिच्यात बसून गळ टाकताना सगळं लक्ष तोल सांभाळण्यातच जातं.

पैसे देण्याआधी

पेचकस आणि बॅटरी घेऊन जा. कुजण्याची सुरुवात नेहमी टोकांना होते. टोकावरच्या तिकोनी फळीखाली ओल अडकून राहते, म्हणून आधी तिथे पेचकसाचं टोक दाबून पाहा. मऊ लागलं, तर काठाच्या आतल्या पट्टीचं टोक आणि कमानीचा वरचा भागही गेलेला असणार. पुढे काठाजवळ बरगड्यांची वरची टोकं एकेक करून तपासा. टोकं कुजलेली असणं ही किरकोळ बाब आहे. सगळ्याच बरगड्या वरून गेल्या असतील, तर मात्र पहिली होडी म्हणून ती घेऊ नका.

होडी उपडी करून एका टोकाकडून तळाच्या रेषेवर नजर लावा. मध्ये आत दबलेला खळगा दिसला, तर होडी बरीच वर्षं चुकीच्या आधारांवर पडून होती. असा बिघडलेला आकार परत आणणं हे नवशिक्याचं काम नाही. तडकलेल्या चार-सहा बरगड्या, गायब बैठक, फाटका कॅनव्हास याने घाबरू नका. कापड तर बदलायचंच आहे.

लाकडावर फायबरग्लास चढवलेली कॅनू दिसली, तर मी तरी हात लावत नाही. कॅनव्हासखाली सीडर फुगतं, आकसतं आणि लवतं. फायबरग्लास ते होऊ देत नाही, शिवाय आतली ओल धरून ठेवतं. हीट गनने तो थर तापवून, खरडून काढता येतो. जुना पॉलिस्टर रेझिनचा असला तर निघतोही, पण बरोबर फळ्यांच्या ढलप्या येतात.

शिसं, धूर आणि चिंध्या

जुन्या रंगात आणि कॅनव्हासची वीण भरणाऱ्या फिलरमध्ये शिसं असतं असंच धरून चला. कोरडं घासू नका. ओलं करून घासा, चांगल्या प्रतीचा मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि लहान मुलांना त्या दिवशी गराजपासून लांब ठेवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

दुसरा धोका जवसाच्या तेलाचा. या कामात उकळलेलं जवसाचं तेल बरंच लागतं, आपल्याकडचे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात तेच. त्यात भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर सुकताना स्वतःच तापतात आणि पेट घेतात. अशाने गराज जळाल्याच्या घटना घडल्या आहेत. चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

जागा म्हणाल तर होडीपेक्षा पाच-सहा फूट लांब आणि चारही बाजूंनी फिरता येईल इतकी हवी. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर जुना गालिचा गुंडाळला की आधार तयार. अवजारांत रंधा, पटाशी, हातकरवत, पुष्कळ क्लॅम्प, कॅनव्हास ओढायची रुंद जबड्याची पकड आणि खिळ्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा. शेवटच्या दोन वस्तू विकत घ्याव्याच लागतात.

उघडणं

आधी प्रत्येक बाजूने फोटो काढा. मग टोकांवरच्या पितळी पट्ट्या, तळाची उभी पट्टी असेल तर ती, आणि नंतर काठाच्या बाहेरच्या पट्ट्या काढा. स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला असतो; तो टोचणीने साफ केल्याशिवाय पेचकस लावला तर डोकी झिजतात. निघालेल्या प्रत्येक पट्टीवर डावी-उजवी, पुढे-मागे लिहून चिकटपट्टी लावा.

मधले आडवे दांडे मात्र काढू नका. बाहेरच्या पट्ट्या निघाल्यावर होडीचा आकार धरून ठेवायला आतली पट्टी आणि ते दांडेच उरतात. तेही काढले की काठ बाहेर पसरतो आणि पुन्हा जागेवर येता येत नाही. दांडा खराब असेल, तर आधी त्या जागी तात्पुरती पट्टी क्लॅम्प करा, मगच सोडवा.

कॅनव्हास काठालगत सुरीने कापा आणि टोकांकडून सोलून काढा. तो फेकण्याआधी होडीच्या तळाचे चट्टे कुठे कुठे आहेत ते बघा. होडी कुठे घासली, कुठे आदळली ते त्यावरून कळतं आणि आतली तडकलेली बरगडी बहुधा त्याच रेषेत सापडते.

आतलं वार्निश: काढायचं की नाही

इथे पुष्कळ लोक आठवडे घालवतात. वार्निश घट्ट असेल, फक्त काळवंडलेलं असेल, तर साबणाच्या पाण्याने धुवा, बारीक सँडपेपरने चरचरीत करा आणि वर नवे हात द्या. होडीच्या आत चिखलाचे बूट आणि ओला कुत्रा बसणार आहे. मधासारखा सोनेरी रंग कोणाला दाखवायचा?

पापुद्रे सुटत असतील तर मात्र सगळं काढावंच लागतं. रंग काढायच्या रसायनांत पूर्वी मिथिलीन क्लोराइड असायचं. ते घातक असल्यामुळे घरगुती ग्राहकांना असं रसायन विकायला अमेरिकेत २०१९ पासून बंदी आहे. जुन्या गराजमध्ये अर्धवट डबा सापडला तरी वापरू नका. हल्लीची रसायनं सावकाश काम करतात. लावून प्लास्टिकने झाका, वेळ द्या आणि मऊ ब्रशने बरगड्यांच्या कडा साफ करा. सीडर फार मऊ असतं, तारेचा ब्रश लावला की कायमचे ओरखडे उठतात. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने उजळतात, पण त्याची पूड श्वासात जाता कामा नये आणि ते नीट धुऊन काढावं लागतं. कामाच्या होडीत डाग राहिले तरी मला चालतात.

लाकूडकाम

खरी दुरुस्ती इथे आहे.

टोकांपासून सुरुवात करा. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून टाका, दोन इंच जास्त गेले तरी हरकत नाही. नवीन तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडायचा. उतार साधारण आठास एक, म्हणजे पाऊण इंच जाडीच्या पट्टीला सहा इंच लांबीचा सांधा. इपॉक्सी लावा, क्लॅम्प करा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जा. कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून ते ‘घट्ट’ करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. माझ्या मते ती टाळावी. वरून कडक दिसतं, पण स्क्रू धरत नाही, आणि काठाच्या टोकाला स्क्रू धरणं हेच तर काम असतं.

बरगडीची नुसती टोकं गेली असतील तर तीही अशाच तिरप्या सांध्याने जोडता येतात. बरगडी मध्ये तडकली असेल, तर बाहेरून हात फिरवा. तळाला उंचवटा किंवा खळगा नसेल आणि तडा केसाएवढा असेल, तर सोडून द्या. अशा तडकलेल्या बरगड्या घेऊन कित्येक होड्या वर्षानुवर्षं चालतात. आरपार मोडून आकार बसला असेल, तरच ती बदला.

नव्या बरगडीला सरळ रेषांचं, गाठ नसलेलं पांढरं सीडर हवं. जुन्या बरगडीची रुंदी, जाडी आणि कडांची उतरण मोजून घ्या. जाडी बहुतेक ५/१६ इंच, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास असते. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाकवताना तुटतं, हवेवर वाळलेलं मिळवा. दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि मग वाफ द्या. जाडीच्या दर इंचाला एक तास हा जुना हिशोब, म्हणजे या जाडीला वीस मिनिटं पुरतात. लांब लाकडी खोकं आणि भिंतीचा कागद सोडवायचं वाफेचं यंत्र एवढ्यात भागतं.

गरम बरगडी होडीच्या आत वाकवता येत नाही, ती उपड्या होडीच्या बाहेरून वाकवायची. ती पुढे आत बसणार, म्हणजे तिचा घेर बाहेरच्यापेक्षा लहान हवा. म्हणून मूळ जागेवर न वाकवता टोकाकडे दोन-तीन बरगड्या सरकून, जिथे होडी किंचित अरुंद आहे, तिथे वाकवा. वाफेतून काढल्यापासून क्लॅम्प लागेपर्यंत हातात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ नसतो. जाड हातमोजे घाला आणि दुसरा माणूस बरोबर घ्या. एक-दोन बरगड्या मोडतीलच, त्या हिशोबाने जादा पट्ट्या कापून ठेवा. दोन दिवस तशीच वाळू द्या, मग आत बसवा, टोकं काठाच्या आतल्या पट्टीला ठोका आणि फळीला पितळी खिळ्यांनी जोडा.

खिळा बाहेरून ठोकायचा आणि आत बरगडीवर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. टोक ठोकळ्यावर आपटून मागे वळलं आणि लाकडात रुतलं की काम झालं. टोक वर राहिलं तर गुडघ्याला लागेल, आणि कॅनूत गुडघे टेकूनच बसायचं असतं. फळी कोरडी असताना ठोकू नका, चिरते. आधी गरम पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवा. बाहेर हातोड्याचे खड्डे पडले, तर त्याच ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा. सीडर पुन्हा फुगून वर येतं.

फळी बदलायची असेल तर तुकड्याची दोन्ही टोकं बरगडीवर येतील अशी कापा. फळीची जाडी जेमतेम चार मिलिमीटर असते. शेजारच्या फळीचा सांधा त्याच बरगडीवर येऊ देऊ नका. जुन्या खिळ्यांपैकी सैल झालेले पुन्हा ठोकून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण वर आलेलं प्रत्येक डोकं कॅनव्हासमधून दिसतं आणि तिथेच कापड आधी झिजतं.

शेवटी लांब पट्टीवर सँडपेपर लावून बाहेरून हलकेच घासा. मग जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून बाहेरच्या फळ्यांना पाजा. आतून वार्निश करा. पहिला हात निम्मा पातळ करून, पुढचे दोन घट्ट. उन्हाला चकचकीत वार्निश जास्त टिकतं, तेव्हा खालचे हात तेच. शेवटचा मात्र मंद चमकेचा, कारण पाण्यावर चमकलेली होडी बदकांना लांबूनच दिसते.

कॅनव्हास चढवणं

यासाठी दोन मदतनीस आणि एक पूर्ण दिवस हवा. कापड म्हणजे दहा नंबरचा साधा सुती डक कॅनव्हास, पाणी न लागण्याची कोणतीही प्रक्रिया न केलेला. प्रक्रिया केलेल्या कापडात फिलर मुरत नाही. होडीपेक्षा दोन-तीन फूट लांब आणि मध्यावरच्या घेराला पुरून दोन्हीकडे ओढायला उरेल इतका रुंद घ्या.

कापड लांबीतून दुमडा. दोन्ही टोकं जाड फळ्यांच्या जोडीत पकडून स्क्रूने आवळा. एक टोक झाडाला किंवा गराजच्या मजबूत खांबाला बांधा, दुसऱ्याला हाताने फिरवायची तारेची विंच लावा. दुमडलेल्या कापडाच्या झोळीत होडी सरळ, तळ खाली करून ठेवा. आतून फळ्या घालून त्यावर वजन द्या, म्हणजे ती कापडात घट्ट बसेल. मग विंच फिरवा. आवाज होईल, तार करकरेल, तुम्हाला भीती वाटेल. थोडं थोडं करत, मध्ये थांबून, कापडाला सैल व्हायला वेळ देत ओढा. तारेच्या रेषेत कोणी उभं राहू नका. बोट मारल्यावर कापड ढोलाच्या पानासारखं वाजलं की थांबा.

आता मध्यापासून सुरुवात. पकडीने कापड वर ओढा, बरगडीच्या टोकावर काठाशी खिळा ठोका, समोरच्या बाजूला तेच करा, मग एका बरगडीने पुढे. डावी, उजवी, पुढे, मागे अशा क्रमाने टोकांकडे सरका. एकाच बाजूने सरळ ठोकत गेलात तर दुसऱ्या बाजूला वळी पडतात आणि त्या जात नाहीत. टोकाजवळ पोचल्यावर विंच सैल करा, कापड कमानीच्या रेषेत कापा. एक बाजू कमानीवरून ओढून, खाली पाणीरोधक लेप लावून जवळजवळ खिळे ठोका. मग तिच्यावर लेप लावून दुसरी बाजू. गळतीच्या तक्रारी बहुतेक याच दोन जागांच्या असतात, म्हणून इथे घाई नको.

कापडावरची लव गॅसच्या बारीक ज्योतीने झरझर फिरवून जाळता येते. हात थांबला तर कापड जाईल. हे काम तेलकट चिंध्या आसपास नसताना करा.

फिलर आणि थांबणं

कॅनव्हासची वीण भरणारा थर म्हणजे फिलर. पारंपरिक फिलर जवसाचं तेल, इनॅमल, सुकवणारं द्रव्य आणि बारीक सिलिका यांचा. पूर्वी त्यात पांढरं शिसं असायचं, आता त्याशिवायचा तयार मिळतो; बुरशीरोधक घातलेला घ्या. ब्रशने भरपूर लावा, चमक ओसरायला लागली की कॅनव्हासचाच हातमोजा करून गोल गोल घोटा. लगेच दुसरा हात, पुन्हा घोटणं. वीण दिसेनाशी झाली की पुरे.

नंतर चार ते सहा आठवडे काहीही करायचं नाही. वर कोरडं लागलं तरी आत ओलं असतं, आणि घाईने मारलेल्या रंगाला फोड येतात. नख रुतत नसेल तरच पुढे जा. पाण्यावर आधारलेले झटपट फिलरही आहेत, काही दिवसांत वाळतात आणि चांगले चालतात. मला तेलाचा जास्त भरवशाचा वाटतो, पण त्यासाठी वेळापत्रक आधी आखावं लागतं. मार्चमध्ये लाकूड, जूनमध्ये कापड आणि फिलर, ऑगस्टमध्ये रंग, असं धरलं की बदकांच्या हंगामाला होडी तयार असते.

रंग, काठ, बैठका

तेलाचा इनॅमल, बिनचमकेचा. वाळलेल्या गवताचा किंवा राखाडी-तपकिरी रंग दलदलीत मिसळतो. प्रायमर, मग पातळ तीन हात, मध्ये बारीक सँडपेपर. जाड थरांनी फक्त वजन वाढतं. सतरा फुटांची कॅनू सत्तर-ऐंशी पौंडांची असतेच, तीत भर कशाला?

बाहेरच्या काठपट्ट्या बसवताना भोकं आधी पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा आणि मग पितळी किंवा ब्राँझचा साबण लावून घाला. पितळ मऊ असतं, सरळ घातलं की डोकं तुटून आत राहतं. तळाची उभी पट्टी मी परत लावत नाही. तिच्यावाचून होडी दगडांवरून सरकते, चटकन वळते आणि गळतीची डझनभर भोकं वाचतात. तलावावर वाऱ्यात फिरणाऱ्यांना ती हवीशी वाटेल, मग प्रत्येक स्क्रू लेपात बुडवून लावा.

बैठक थोडी खाली घेतली की तोल सुधारतो. पण गुडघे टेकून बसल्यावर मोठे बूट तिच्याखालून सहज निघाले पाहिजेत. होडी उलटल्यावर पाय अडकला तर पोहता येऊन उपयोग नाही.

शिकारीची आणि गळाची तयारी

ॲल्युमिनियमच्या कॅनूत वल्हं काठाला लागलं की घण वाजतो. सीडर-कॅनव्हासची कॅनू गप्प असते आणि थंडीत बोचत नाही. हा फायदा घालवू नका. तळाला सीडरच्या पट्ट्यांची सुटी जाळी ठेवा, म्हणजे बूट आणि काडतुसांचे डबे बरगड्यांवर आपटणार नाहीत. गालिचा नको, तो ओल धरतो.

दोघे असाल तर पुढचाच बंदूक चालवतो, तीही पुढच्या दिशेला. मागचा वल्हं मारतो आणि त्याची बंदूक रिकामी, खोळीत. आडवा बार काढला, म्हणजे बाजूला बंदूक झाडली, की धक्क्याने होडी कलते. खऱ्या बदकांना भुलवायच्या नकली बदकांची पिशवी मध्यावर, कुत्रा तिच्या मागे, सगळं ओझं काठाच्या खाली. हरणाचं मांस आणलंत तर रक्त वाळण्याआधी होडी धुवा, नाहीतर हिवाळ्यात उंदरांना आमंत्रण.

मासेमारीसाठी काठाला भोकं पाडून रॉड-होल्डर लावू नका, क्लॅम्पचे मिळतात. खाली चामड्याचा तुकडा घाला. नांगर नेहमी टोकावरून सोडा. बाजूने सोडलेला नांगर वाहत्या पाण्यात होडी आडवी करून उलटवतो.

नियम राज्यागणिक बदलतात, दरवर्षी नवी पुस्तिका वाचा. स्थलांतरी पाणपक्ष्यांसाठी देशभर लागू असलेल्या काही गोष्टी: सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला राज्याच्या परवान्याबरोबरच संघराज्याचा डक स्टँप, म्हणजे बदकांच्या शिकारीचं तिकीट, लागतो, आणि १९९१ पासून पाणबदकांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. मोटार लावली असेल तर ती बंद करून तिने आलेली होडीची गती थांबल्याशिवाय बार काढता येत नाही. वल्ह्याला ती अडचण नाही. मेनमध्ये रविवारी शिकार बंद असते आणि गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांवरही बंदी आहे, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. लाइफ जॅकेट माणशी एक हवंच. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे कॅनूत ते अंगावर घालणं सक्तीचं आहे, न्यू यॉर्कमध्ये लहान होड्यांना १ नोव्हेंबर ते १ मे. ऑक्टोबरचं पाणी काही मिनिटांत हातपाय निकामी करतं, तेव्हा कायदा नसला तरी घाला.

पहिलं पाणी आणि नंतरची निगा

घोड्यांवर असतानाच आत बादलीभर पाणी ओता आणि ते एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू नेत बाहेरून बघा. थेंब दिसला तिथे पेन्सिलने खूण करा. बहुधा कमानीचा सांधा किंवा एखादा स्क्रू निघतो. लेप लावून पुन्हा वाळवा. मग शांत, गुडघाभर पाण्यात तासभर ठेवून पाहा.

प्रत्येक खेपेनंतर टोकांच्या फळ्यांखाली स्पंज फिरवा. होडी उपडी, जमिनीपासून वर, सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवा. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली की आत घाम धरतो आणि टोकं पुन्हा कुजायला लागतात. बर्फाचं ओझं वर साचू देऊ नका.

बरोबर न्यायच्या डब्यात रुंद डक्ट टेप, कॅनव्हासचा तळहाताएवढा तुकडा, पाणीरोधक गोंद आणि सुरी असू द्या. दगडावर कापड फाटलं तर जागा कोरडी करून टेप लावली की घरापर्यंत येता येतं. पक्की दुरुस्ती घरी: फाटीतून नवा तुकडा कापडाच्या आत सरकवा, दोन्हींमध्ये गोंद भरा, वरून दाबून वाळवा, थोडा फिलर घोटा आणि रंगाचा हात द्या. त्यासाठी मूळ रंगाचा छोटा डबा झाकण घट्ट लावून, वर रंगाचं नाव आणि नंबर लिहून ठेवलेला बरा. दोन वर्षांनी दुकानात तीच छटा मिळेलच असं नाही.